बल्गेरिया युरोत गेला, आता पुढे काय? (महागाई, व्याज आणि आधी गेलेल्यांचे अनुभव)

बिनव्याजी

१ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियातला लेव्ह गेला आणि युरो आला. युरोपियन युनियनमधला युरो घेणारा हा एकविसावा देश. आपल्याकडे पेपरात कोपऱ्यात चौकट आली न आली, पण माझ्या टीममधे एक बल्गेरियन बाई आहे, तिच्याशी गेल्या वर्षभर यावर एवढं बोलणं झालंय की म्हटलं धागाच काढावा. तिचं एकच पालुपद, भाव वाढणार. आणि माझं म्हणणं असं की भाव हा यातला सगळ्यात दिसणारा पण सगळ्यात किरकोळ भाग आहे, खरा खेळ व्याजदराचा आहे आणि तो सुरू व्हायला पाच-सात वर्षं लागतात, तोपर्यंत सगळे खूशच असतात.

आधी भावाचं उरकतो. २००२ मधे नोटा-नाणी आली तेव्हा जर्मनीपासून इटलीपर्यंत सगळीकडे हीच बोंब होती. युरोस्टॅटने (युरोपियन युनियनची आकडेवारी संस्था) हिशोब केला तर चलनबदलामुळे झालेली वाढ निघाली ०.१२ ते ०.२९ टक्के, बस. नंतर आलेल्या देशांचे आकडेही साधारण त्याच पट्ट्यात, क्रोएशियाचा (जाने. २०२३) थोडा जास्त. मग लोकांना एवढं का जाणवतं? तर वाढ होते ती कॉफी, ब्रेड, केस कापणं, पार्किंग असल्या रोजच्या वस्तूंत, तिथे राउंड फिगर करायचा मोह होतो. फ्रीज आपण दहा वर्षांतून एकदा घेतो, त्याचा भाव कोण लक्षात ठेवतंय. क्रोएशियाचं तर टायमिंगच खराब, डिसेंबर २०२२ ला तिथे महागाई आधीच १३ टक्क्यांच्या आसपास होती, युक्रेन युद्ध, वीज, धान्य सगळं मिळून, त्यात युरो आला आणि सगळं पाप त्याच्या डोक्यावर. सरकारने दुकानांवर इन्स्पेक्टर सोडले, दमदाटी केली. तरी जानेवारी २०२५ मधे लोकांनी एका शुक्रवारी सुपरमार्केटवर बहिष्कार टाकलाच आणि ते लोण बोस्निया, सर्बिया, माँटेनेग्रोपर्यंत गेलं. आता गंमत बघा, बोस्निया आणि सर्बियात युरो नाहीचे.

आता व्याज. ग्रीस २००१ मधे आत आला. नव्वदच्या सुरुवातीला ग्रीक सरकारला दहा वर्षांच्या कर्जाला वीस टक्क्यांच्या वर व्याज पडायचं. २००५ च्या सुमारास तेच सरकार जर्मनीपेक्षा जेमतेम पाव टक्का जास्त देऊन पैसे उचलत होतं. देश तोच, करचुकवेगिरी तीच, पेन्शनचं ओझं तेच. बाजाराने गृहीत धरलं की युरो आहे म्हणजे सगळे जर्मनीच. त्या स्वस्त पैशाचं काय झालं ते २००९ च्या शेवटी कळलं, सरकारी तुटीचा आकडा पुन्हा पुन्हा दुरुस्त होत १५ टक्क्यांवर गेला, २०१० ला ११० अब्ज युरोंचं मदतीचं पहिलं पॅकेज, आणि जून २०१५ ला एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो. अर्थव्यवस्था एक चतुर्थांश आकसली. स्पेन आणि आयर्लंडची सरकारं तर नीट वागत होती, तिथे घरांनी घात केला, कारण युरोपियन सेंट्रल बँकेने जून २००३ ते डिसेंबर २००५ व्याजदर २ टक्क्यांवर ठेवला होता, तो थंड पडलेल्या जर्मनीला बरोबर होता, उकळणाऱ्या आयर्लंडला अजिबात नाही.

बल्गेरियाची केस मात्र वेगळी आहे आणि ती कुणी नीट सांगत नाही. १९९६-९७ ला तिथे हायपरइन्फ्लेशन झालं, बँका बसल्या, त्यानंतर जुलै १९९७ पासून त्यांनी लेव्ह जर्मन मार्कला बांधून टाकला, करन्सी बोर्ड म्हणतात तसा, म्हणजे जेवढा परकीय साठा तेवढेच लेव्ह. १९९९ ला तीन शून्यं उडवून एक लेव्ह बरोबर एक मार्क. म्हणून तर युरोचा दर १.९५५८३, मार्कचा होता तोच. म्हणजे गेली अठ्ठावीस वर्षं यांचं स्वतःचं चलन धोरण असं नव्हतंच, फ्रँकफर्टने ठरवायचं आणि यांनी निमूट पाळायचं. आता निदान तिथल्या युरोपियन सेंट्रल बँकेच्या मंडळावर यांच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर बसेल. जेवण तिथलंच होतं, आता पंगतीत पान मांडलं एवढंच.

तर तुमची मतं येऊ द्या. विशेषतः युरोपात राहणारे कुणी असतील तर.

तिरका_खांब

म्हणजे भाव वाढले नाहीत, लोकांना उगाच वाढल्यासारखे वाटतात. हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय, बहुतेक आपल्याच टीव्हीवर 😀

सोफियावासी

वा, माझ्या गावाचा धागा! आयटीवाली आहे, नवरा इथल्या कॉल सेंटरमधे मॅनेजर, बरीच वर्षं झाली इथे सोफियात, म्हणजे बल्गेरियाच्या राजधानीत.

बिनव्याजीदादा, हिशोब बरोबर असेल पण इथे उभं राहून बघितलं तर थोडं वेगळं दिसतं. ऑगस्ट २०२५ पासून दुकानात दोन्ही भाव लिहायची सक्ती झाली, बिलावर पण लेव्ह आणि युरो दोन्ही, त्यामुळे मोठ्या सुपरमार्केटमधे कुणाची फसवणूक करायची टाप नव्हती. २ लेव्हची वस्तू १.०२ युरो, ५ लेव्हची २.५६, अगदी पैशापर्यंत. पण न्हाव्याकडे, टपरीवर, रिक्षासारख्या ज्या खासगी टॅक्स्या असतात तिथे १.०२ कोण ठेवणार? तिथे १.२० झालं. आणि त्याच्या आधी पण, म्हणजे उन्हाळ्यातच, काही जणांनी लेव्हमधेच भाव चढवून ठेवले होते की जानेवारीत रूपांतर एकदम स्वच्छ दिसावं. ते युरोस्टॅटच्या आकड्यात कसं पकडणार?

जानेवारी महिना दोन्ही चलनं चालत होती. नियम असा की तुम्ही लेव्ह द्या, सुटे परत मिळणार युरोत. झेन्स्की पझारमधे (भाजी बाजार आहे जुना) एक आजी मुळा-कोबी विकते माझ्या नेहमीची, तिने गल्ल्याशेजारी एक पुठ्ठा लावला होता, त्यावर मार्करने १ लेव्ह = ०.५१, २ = १.०२, ३ = १.५३ असं वीसपर्यंत पाढ्यासारखं लिहिलेलं. नातवाने लिहून दिलं म्हणाली. नवीन नाण्यावर मदाराचा घोडेस्वार (इथलं जुनं दगडात कोरलेलं शिल्प) आहे, तो ती उलटून-पालटून बघायची आणि मगच डब्यात टाकायची.

लोक सरसकट खूश होते असं अजिबात नाही. निम्मे लोक विरोधात होते म्हटलं तरी चालेल. फेब्रुवारी २०२५ ला मोर्चेवाल्यांनी इथल्या युरोपियन युनियनच्या ऑफिसवर लाल रंग फेकला, मे मधे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रादेव यांनी सार्वमत घ्या म्हणून सुचवलं, ते फेटाळलं गेलं. आणि डिसेंबरमधे तर सरकारच पडलं, ११ तारखेला पंतप्रधानांचा राजीनामा, म्हणजे युरो यायला तीन आठवडे आणि देशाला सरकार नाही. ते आंदोलन युरोविरुद्ध नव्हतं हां, बजेटमधली करवाढ आणि भ्रष्टाचार यावर होतं, पण बाहेरून बघणारे सगळं एकत्र करतात.

चष्मेबद्दूर

मस्त धागा. पण आमच्यासारख्या कॉमर्स नसलेल्यांसाठी जरा इस्कटून सांगा. स्वतःचं चलन असण्याचा एवढा फायदा काय असतो? आपला रुपया घसरला की आपण रडतोच ना? मग घसरणारं चलन गेलेलं बरंच की.

मु_पो_नित्रा

याचं उत्तर मी देतो कारण मी ते उत्तर असलेल्या देशात राहतो. स्लोव्हाकिया. मूळ पिंपरीचा, इथे नित्रात आपल्या टाटांच्या जग्वार लँड रोव्हरचा कारखाना आहे, डिफेंडर आणि डिस्कव्हरी इथे बनतात, त्याला माल पुरवणाऱ्या एका कंपनीत आहे.

स्लोव्हाकिया युरोत आला १ जानेवारी २००९ ला. तारीख बघा. लेहमन ही अमेरिकन बँक बुडून साडेतीन महिने झालेले. दर ठरला एका युरोला ३०.१२६ कोरुना (इथलं जुनं चलन), तोही आदल्या वर्षी मे मधे कोरुना वर चढवून, म्हणजे महाग दराने कायमचं कुलूप लावलं. शेजारी पोलंड बाहेर. २००८ च्या उन्हाळ्यात एका युरोला सव्वातीन झ्लॉटी मिळायचे, फेब्रुवारी २००९ ला पावणेपाचच्या वर. म्हणजे पोलंड स्लोव्हाक माणसासाठी अर्ध्या वर्षात तिसऱ्या हिश्श्याने स्वस्त झालं. जुने लोक अजून सांगतात, शनिवारी सकाळी गाड्या भरून सीमेपलीकडे नोवी तार्गच्या बाजाराला जायचं, मटण, चीज, बूट, टाइल्स, सिमेंटसुद्धा. दक्षिणेकडचे हंगेरीत जायचे. इकडचे दुकानदार माशा मारत बसलेले. २००९ ला युरोपियन युनियनमधे एकटा पोलंड वाढला, स्लोव्हाकियाची अर्थव्यवस्था पाचेक टक्क्यांनी घसरली आणि बेकारी पुढच्या वर्षी १४ टक्क्यांवर गेली.

तर चष्मेबद्दूर, फायदा हा. संकटात चलन पडलं की सगळ्या देशाची मजुरी आणि माल एका रात्रीत स्वस्त होतो, कुणाच्या पगाराला हात न लावता. चलन नसेल तर तेच काम पगार कापून, माणसं काढून करावं लागतं. लॅटव्हियाने २००९ ला तसंच केलं (ते युरोत नव्हते अजून, पण दर बांधलेला सोडायचा नाही असा हट्ट), एका वर्षात अर्थव्यवस्था १४ टक्क्यांनी आपटली, शिक्षक-नर्सचे पगार कापले, तरुण पोरं आयर्लंड-इंग्लंडला निघून गेली.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०१५ ला या कारखान्याची जागा ठरली तेव्हा पोलंडही शर्यतीत होता. इथल्या सरकारने भरपूर सबसिडी दिली हे आहेच, पण पुरवठादारांशी बोललं की युरोचा मुद्दा निघतोच. गाडीचे सुटे भाग जर्मनीतून युरोत घ्यायचे, गाडी युरोत विकायची, मधला पगारही युरोत, म्हणजे निदान एका बाजूची झोप तरी शांत. (पौंडाचं दुखणं वेगळं!) फोक्सवॅगन, किया, प्यूजो आधीपासून आहेतच. तेव्हा २००९ चा फोटो काढलात तर युरो वाईट, २०१८ चा काढलात तर चांगला.

बिनव्याजी

@मु_पो_नित्रा दंडवत घ्या, हे मूळ लेखात असायला हवं होतं.

@सोफियावासी ताई, आधीच भाव चढवून ठेवण्याचा मुद्दा मान्य, पण तो पूर्ण सुटत नाही, बदलाच्या आधीचे-नंतरचे काही महिने असं मिळून पण अभ्यास होतात. तरीही सरासरीत आजीच्या कोबीचं दुःख दिसत नाही हे कबूल.

लातूरकर_काका

सगळे युरोप युरोप करताय, आपल्या घरात हे झालंय ते कुणाला आठवत नाही. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना विचारा हाली शिक्का म्हणजे काय. निजामाचा रुपया वेगळा होता, हाली म्हणायचे, आणि इंग्रजांचा तो कलदार. सहा कलदार म्हणजे सात हाली. आमचे आजोबा लातूरहून बार्शीला भुसार घेऊन जायचे, बार्शी लाईटची छोटी रेल्वे होती ना, बार्शी इंग्रज मुलुखात आणि लातूर निजामाच्या. मालावर करोडगिरीचा नाका, तिथे जकात, आणि पैसे कलदारमधे मिळाले की परत येऊन सराफाकडे बट्टा कापून हाली. नफ्यातला मोठा हिस्सा ह्या दोघातच जायचा असं ते सांगत.

पोलीस ॲक्शननंतर १९५० ला भारताचा रुपया हैदराबाद संस्थानात सुरू झाला, हाली पण सोबत चालत होता, ५१ पासून नवीन हाली काढणं बंद, आणि पूर्ण रद्द झाला १९५९ ला. म्हणजे नऊ वर्षं दोन्ही चलनं! बल्गेरियाला एक महिना दिला. आणि त्यात मधेच १९५७ ला नवे पैसे आले, सोळा आण्याचे शंभर पैसे, म्हणजे आमच्या आजीला हाली, कलदार, आणे आणि नवे पैसे असे चार हिशोब एका डोक्यात ठेवावे लागले. तेव्हाही व्यापाऱ्यांनी हात धुवून घेतले अशीच तक्रार होती. आणा म्हणजे सव्वासहा पैसे, घ्यायचे कुणी सात, द्यायचे कुणी सहा.

पण बट्टा गेला हे खरं. पुढे नाकाही गेला.

गोंयकार_अण्णा

काकांना जोड देतो. आमच्याकडे पोर्तुगीजांनी १९५९ ला रुपया काढून एस्कुदो आणला, एका रुपियाला सहा एस्कुदो. लोकांची सवय होते न होते तोच डिसेंबर ६१, मग भारताचा रुपया. तीन वर्षांत दोनदा चलनबदल. आमच्या घरी ट्रंकेत अजून पडलेत काही एस्कुदो, त्याचं कुणी काही देत नाही.

तिरका_खांब

मग भारत पण चलनसंघच की. महाराष्ट्र म्हणजे जर्मनी आणि बिहार म्हणजे ग्रीस. आपण भरायचं आणि त्यांनी खायचं 🙄

दुपारची_झोप

@तिरका_खांब काडी टाकलीतच. पण तुम्ही नकळत मुद्द्याचं बोललात. भारत चालतो कारण इथे ते "भरायचं आणि खायचं" आहे. वित्त आयोग केंद्राच्या करातला वाटा राज्यांना वाटतो, त्यात गरीब राज्याला जास्त, आणि दुष्काळ पडला की केंद्राचा निधी. शिवाय बिहारचा माणूस रेल्वेत बसून चाकणला येतो, त्याला व्हिसा लागत नाही, चार महिन्यात मोडकं मराठीही बोलतो. रॉबर्ट मुंडेल या अर्थतज्ज्ञाने १९६१ ला हेच लिहिलं होतं की एकच चलन कुठे चालेल, तर जिथे माणसं सहज हलतात तिथे (त्याला १९९९ ला नोबेल मिळालं, बरोबर युरोच्या वर्षी). नंतरच्यांनी त्यात पैशाची फिरवाफिरव जोडली. युरोपात माणसं कायद्याने हलू शकतात पण भाषा आडवी येते, आणि युरोपियन युनियनचं सामायिक बजेट सगळ्या उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास, त्यातून कुणाला सावरणार? म्हणून ग्रीसला मदत कर्ज म्हणून मिळाली, अटींसकट. बिहारला कोणी दिवसाला ६० रुपयेच काढा असं सांगितलं नाही कधी.

आणि आखाती रुपया विसरू नका. १९५९ पासून रिझर्व्ह बँक कुवेत, बहारीन, कतार, दुबईकडे चालणाऱ्या वेगळ्या नोटा छापायची. ६ जून १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलरला ४.७६ वरून ७.५०. आपली गरज होती, त्यांची अजिबात नव्हती. कुवेत आणि बहारीन त्याआधीच स्वतःचा दिनार काढून मोकळे झाले होते, उरलेल्यांपैकी कतार आणि दुबईने त्यानंतर लगेच आपला रुपया सोडला. दुसऱ्याच्या मध्यवर्ती बँकेवर विसंबून राहिलं की तिथली निकड तुमच्या पाकिटात येते.

चष्मेबद्दूर

कळलं आता. पण मग एवढं सगळं माहीत असून हे देश जातातच का? स्वीडन तर गेला नाही.

बिनव्याजी

स्वीडनने २००३ ला सार्वमतात नाही म्हटलं, डेन्मार्कने २००० ला. डेन्मार्कची गंमत अशी की क्रोन युरोला घट्ट बांधलेलाच आहे, फक्त नाव स्वतःचं. पण श्रीमंत देशाला हे परवडतं. बाल्टिक देशांचं (लॅटव्हिया, लिथुआनिया, एस्टोनिया), बल्गेरियाचं गणित वेगळं, कर्जं-ठेवी निम्म्या युरोतच होत्या, चलन पडलं असतं तर लोकांचेच हप्ते वाढले असते, त्यामुळे "पाडायचं हत्यार" नावालाच. शिवाय रशिया शेजारी असला की लोक अर्थशास्त्राच्या पलीकडचा विचार करतात. लिथुआनियाला तर २००६ ला महागाई २.६ च्या जागी २.७ आहे म्हणून परत पाठवलं होतं, नऊ वर्षांनी २०१५ ला गेले. बल्गेरियाला २०२५ ला मर्यादा २.८ होती आणि यांची २.७. असं काठावर पास होणं.

आणि त्याच बाल्टिकवाल्यांचं २०२२ बघा. ऑगस्टमधे एस्टोनियाची महागाई २५ टक्क्यांच्या घरात आणि युरोपियन सेंट्रल बँकेने जुलैमधे कुठे व्याजदर उणे अर्ध्या टक्क्यावरून शून्यावर आणला होता. २५ टक्के महागाई आणि शून्य टक्के व्याज! स्वतःची बँक असती तर असं ठेवलं असतं का? अर्थात ती महागाई गॅस-विजेची होती, व्याज वाढवून गॅस स्वस्त झाला नसता हे पण खरं.

बल्गेरियाबाबत माझी नजर एका गोष्टीवर आहे. आपल्याकडे सीआरआर असतं ना, बँकेने ठेवींचा काही भाग रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा, तसं तिथे १२ टक्के होतं. युरोझोनमधे १ टक्का. म्हणजे ११ टक्के पैसा बँकांकडे मोकळा झाला. तो कुठे जाणार? घरांचे भाव तिथे आधीच काही वर्षं तुफान वाढतायत. ग्रीससारखं सरकारच्या कर्जाचं भय नाही, बल्गेरियाचं सरकारी कर्ज उत्पन्नाच्या पाव हिश्श्याच्या आतबाहेर आहे, युरोपात सगळ्यात कमींपैकी. मला भीती आयर्लंड-स्पेनच्या रस्त्याची वाटते.

सोफियावासी

अगदी. आमच्या बिल्डिंगसमोर तीन टॉवर चाललेत, आणि बँकेतून आठवड्याला गृहकर्जाचा फोन. आम्ही घेतलं नाही अजून, नवरा म्हणतो थांब, मी म्हणते भाव थांबणार आहेत का. हे भांडण पुण्यात असतो तर तिथेही असंच झालं असतं म्हणा.

मु_पो_नित्रा

ताई, फिक्स्ड व्याज किती वर्षं देतायत ते आधी विचारा. इथे २०२१ ला लोकांनी एक टक्क्याने घेतली घरं, पाच वर्षांनी व्याज नव्याने ठरतं तेव्हा हप्ता बघून डोळे पांढरे होतात.

रंगीत_छत्री

अवांतर: आम्ही मे मधे बल्गेरिया-ग्रीस टूर करतोय, एजंट म्हणतो थोडे लेव्ह पण घ्या. घ्यायचे का? आणि घरात २०१९ च्या ट्रिपचे क्रोएशियाचे कुना पडलेत, नोटा आणि चिल्लर.

सोफियावासी

लेव्ह अजिबात घेऊ नका, एजंटला कुणाचे तरी उरलेले खपवायचे असतील. ३१ जानेवारीनंतर दुकानात चालत नाहीत. सरळ युरोचं फॉरेक्स कार्ड, दोन्ही देशांना एकच, आधी लेव्हसाठी वेगळा चट्टा बसायचा तो वाचला. व्हिसा पण शेंगेनचा एकच. लहान गावात थोडी रोख ठेवा.

बिनव्याजी

कुनाच्या नोटा क्रोएशियाची मध्यवर्ती बँक कायम बदलून देते, ७.५३४५ ला एक युरो, पण त्यासाठी झाग्रेबला जाणार का? चिल्लरची मुदत २०२५ च्या शेवटी संपली. ती आता गोंयकार अण्णांच्या ट्रंकेत.